रिसीव्हर बदलावा की जोडीच नवी घ्यावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. आईच्या कानाच्या मशीनची जोडी चार वर्षं जुनी आहे, चार्जिंगवाली, कानामागे बसणारी, पातळ वायरच्या टोकाचा स्पीकर म्हणजे रिसीव्हर कानात जाणारी. हमी संपली आहे आणि उजवं मशीन दोन आठवडे बंद आहे. क्लिनिक म्हणतं रिसीव्हर गेला. त्यांच्याकडून बसवून घ्यायचा, ऑनलाइन मिळणारा ‘कंपॅटिबल’ आणायचा, की महिनाअखेरपर्यंतच्या एक्स्चेंज सवलतीत नवी जोडी हप्त्यावर घ्यायची? शिवाय वडिलांच्या साच्यावाल्या, म्हणजे कानाच्या मापाने बनवलेला तुकडा कानात बसणाऱ्या, मशिनांसकट दोघांचे वर्षभराचे सुटे भाग एकदम मागवून ठेवावेत का?

तुम्ही पाठवलेले दर मी प्रमाणात मांडतो. नव्या जोडीची पूर्ण किंमत १०० धरली, तर एक्स्चेंजनंतर ती ८५ ला पडते. क्लिनिकचा रिसीव्हर बसवण्यासकट ७. ऑनलाइन रिसीव्हर ४, आणि बाहेरून आणलेला भाग बसवून तपासायचे क्लिनिक २ घेणार, म्हणजे ६.

नवी जोडी पाच वर्षं, म्हणजे ६० महिने चालेल असं धरू. ८५ भागिले ६०, म्हणजे महिन्याला साधारण १.४. याचा अर्थ ७ खर्चून जुनी जोडी आणखी पाच महिने चालली तरी पैसे वसूल, त्यापुढचा प्रत्येक महिना फायद्यात. चार वर्षांच्या मशीनकडून पाच महिन्यांची अपेक्षा करणं मुळीच जास्त नाही. त्यामुळे नवी जोडी हा पर्याय तूर्त बाजूला ठेवा. दोन गोष्टींनी मात्र हे गणित उलटू शकतं, त्या पुढे येतील.

आधी बिनखर्चाची तपासणी. डावं मशीन चालू करून मुठीत सैलसर धरा, शिट्टी येते का ऐका. मग उजवं तसंच धरा. डावं वाजतं आणि उजवं गप्प असेल, तर पहिला संशय वॅक्स गार्डवर घ्या, रिसीव्हरवर नंतर. वॅक्स गार्ड म्हणजे रिसीव्हरच्या तोंडाशी असलेली मळ अडवणारी बारीक जाळी. ती पूर्ण बुजली की मशीन मेल्यासारखंच वाटतं. डोम, म्हणजे रिसीव्हरवरची मऊ टोपी, काढा. बदलायच्या काडीला बहुधा दोन टोकं असतात, एक रिकामं, एकावर नवी जाळी. रिकामं टोक जुन्या जाळीत सरळ दाबा आणि सरळच ओढा, जाळी काडीसोबत बाहेर येते. काडी फिरवा, नवी जाळी सरळ दाबून बसवा, काडी काढून घ्या. जुनी न काढता नवी तिच्यावरच दाबली जाते ही नेहमीची चूक. मग आवाज आणखी बसतो आणि दोष रिसीव्हरला लागतो.

जाळी बदलूनही गप्पच असेल तर क्लिनिकला एकच विचारा: त्याच ताकदीचा चालू रिसीव्हर लावल्यावर मशीन बोलतं का? हे काम पाच मिनिटांचं आहे. बोललं नाही तर बिघाड मुख्य भागात आहे आणि ते ७ पाण्यात जातील. ही चाचणी झाल्याशिवाय पैसे देऊ नका.

आता त्या ‘कंपॅटिबल’बद्दल. हा शब्द फार सैल वापरला जातो. रिसीव्हर जुळायला चार गोष्टी जुळाव्या लागतात: पिढी, ताकद, वायरची लांबी आणि बाजू. बाजू रंगावरून कळते, लाल म्हणजे उजवा, निळा म्हणजे डावा. लांबी आणि ताकद बहुतेक कंपन्या वायरवर किंवा रिसीव्हरवरच छापतात. फोनाकमध्ये ताकद एस, एम, पी अशी अक्षरांत, तर ओटिकॉनच्या मिनीफिट रिसीव्हरवर ६०, ८५, १०० असे आकडे. उजव्यावरची छपाई पुसली आहे म्हणून डाव्यावरचं वाचून मागवू, असं तुम्ही लिहिलंय. ते करू नका. लांबी बहुधा सारखी निघेल, पण दोन्ही कानांचं ऐकणं वेगळं असेल तर ताकदही वेगळी असते. खरी नोंद क्लिनिकच्या फिटिंगच्या, म्हणजे ऐकण्यानुसार मशीन सेट केल्याच्या, फाइलमध्ये मिळेल.

पिढीचा घोळ सर्वात महाग पडतो. एकाच कंपनीच्या, बाहेरून जवळजवळ सारख्या दिसणाऱ्या मशिनांत जोडणी बदललेली असते. फोनाकने मार्व्हल या मालिकेपासून रिसीव्हर, डोम आणि वॅक्स गार्ड तिन्ही बदलले. आधीच्या मशीनचा डोम नव्या रिसीव्हरवर धड बसत नाही. उलट ओटिकॉन आणि बर्नाफोन एकाच समूहातले, त्यामुळे मिनीफिटचे डोम दोन्हीकडे चालतात. पण समूह एक म्हणून भाग एक, असं गृहीत धरू नका. सिग्निया आणि विडेक्स २०१९ पासून एकाच छत्राखाली आहेत, तरी त्यांच्या जुन्या मॉडेलांचे रिसीव्हर एकमेकांना चालत नाहीत. मागवताना कंपनीचं नाव पुरत नाही, पूर्ण मॉडेल लागतं.

ताकद का इतकी महत्त्वाची? आईच्या ऐकण्यानुसार केलेलं सेटिंग मशीनच्या मुख्य भागात साठवलेलं असतं, रिसीव्हरमध्ये नाही. तंतोतंत तसाच रिसीव्हर लावला तर जुनं सेटिंग लागू पडतं. वेगळ्या ताकदीचा लावला तर तेच सेटिंग कानापर्यंत वेगळा आवाज पोचवतं. कमी पडला तर आई म्हणेल ‘मशीनच बेकार’, जास्त झाला तर शिट्टी, आणि उरलेल्या ऐकण्यालाही धोका. म्हणजे पुन्हा फिटिंग, पुन्हा २.

ऑनलाइन रिसीव्हरचा हिशेब मला म्हणूनच पटत नाही. बचत फक्त १ ची. भाग चुकला आणि परत घेतला गेला नाही तर आणखी ६ जातात. सहा वेळांत एकदा चुकलं तरी सगळी बचत धुऊन निघते, आणि पुसलेली छपाई घेऊन मागवणाऱ्याची चुकण्याची शक्यता त्याहून बरीच जास्त. रिसीव्हर क्लिनिककडूनच घ्या. मात्र दुरुस्तीवर हमी किती महिन्यांची, आणि ती फक्त रिसीव्हरची की अख्ख्या मशीनची, हे बिलावर लिहून घ्या.

गणित उलटवणारी पहिली गोष्ट, चार्जिंग. रात्रभर चार्ज करून दोन्ही मशिनं संध्याकाळपर्यंत टिकतात का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. आतली लिथियम-आयन बॅटरी चार-पाच वर्षांत दमते आणि बऱ्याच मॉडेलांत ती घरी बदलता येत नाही, कंपनीकडे पाठवावी लागते. दुपारीच मान टाकत असतील तर दोन्ही बॅटऱ्यांचा दर विचारा आणि ७ मध्ये मिळवा. नवी जोडी वर्षाला १७ ला पडते. जुनीवर एका वर्षात १२ च्या वर जाणार असतील तर मी दुरुस्ती थांबवेन. मधले ५ उद्या आणखी काही बिघडेल याच्यासाठी.

दुसरी गोष्ट, ऐकण्याची तपासणी. शेवटची वर्षभरापूर्वीची असेल तर आधी नवी करून घ्या. ऐकणं उतरलं असेल तर आहे त्याच ताकदीचा रिसीव्हर घेण्यात अर्थ नाही. पण म्हणून लगेच नवी जोडीच हवी असंही नाही. बऱ्याच मॉडेलांत त्याच मुख्य भागाला एक पायरी वरचा रिसीव्हर लावून, नवं फिटिंग करून भागतं. हा मधला रस्ता कुणी आपणहून सांगत नाही, विचारावा लागतो.

एक्स्चेंजचे १५ मोह घालतात खरे, पण पुढेमागे नवी जोडी घेतलीत तरी जुनी, चालू स्थितीतली, हातची सोडण्याआधी थांबा. नवं मशीन दुरुस्तीला गेलं की आठ-दहा दिवस जुनंच कामी येतं. आणि महिनाअखेरची सवलत पुढच्या महिनाअखेरीलाही दिसली तर नवल नाही.

आता साठ्याचं. वॅक्स गार्ड वर्षभराचे घ्या, मूळ कंपनीचे घ्या. नकली जाळी जराशी सैल असली तरी निसटते आणि मळ थेट रिसीव्हरमध्ये जातो. डोम फक्त आत्ताच्या मापाचे आणि प्रकाराचे, दोन-तीन महिन्यांपुरते. ऐकणं बदललं की उघड्या डोमऐवजी बंद डोम लागतो आणि साठा वाया जातो. डोममध्येही पर्यायी माल नको. सैल डोम मशीन काढताना कानातच राहतो आणि तो काढायला डॉक्टर गाठावा लागतो. त्या फेरीची किंमत डोमच्या पाकिटापेक्षा नक्कीच जास्त.

वडिलांचं सोपं आहे. मशिनात घालायच्या बॅटरीच्या सेलबाबत ब्रँडची निष्ठा नको, माप मात्र तेच. कंपनी कुठलीही असो, १३ नंबर म्हणजे नारंगी पट्टी, ३१२ म्हणजे तपकिरी. पण तुम्ही म्हणता तसे दोनशे सेल एकदम नकोत. १३ चा सेल साधारण ६ ते १४ दिवस जातो, म्हणजे दोन मशिनांना वर्षाला ५२ ते १२० सेल. महिनाभर तारखा लिहा, खरा आकडा कळेल, मग सहा महिन्यांचे घ्या आणि पाकिटावरची मुदत पाहा. सेलवरची ती रंगीत चिकटपट्टी काढल्यावर मिनिटभर तरी हवा लागू द्या, मग घाला. पट्टी परत चिकटवून सेल ‘वाचत’ नाही, हवा एकदा आत गेली की गेली.

त्यांच्या साच्याची ट्यूबही, म्हणजे मशीनपासून साच्यापर्यंत जाणारी नळी, बहुधा १३ नंबरचीच असेल. तिचा सेलच्या १३ शी काही संबंध नाही, तो आतल्या व्यासाचा नंबर आहे, १.९३ मिलिमीटर. मागवताना ‘१३ नंबर’ एवढंच लिहिलंत तर दुकानदार सेल पाठवेल. ट्यूब पिवळी, कडक झाली की बदलायची, साधारण तीन ते सहा महिन्यांनी. लांबी जुन्या ट्यूबवर मापूनच कापा. आखूड पडली तर साचा कानातून ओढला जातो आणि शिट्टी सुरू होते. साचा चांगला बसत असेल तर पुढे मशीन बदललं तरी तो बहुधा चालतो, त्यामुळे नव्या मशीनच्या कोटेशनमध्ये नवा साचा दिसला तर का, ते विचारा.