लादलेल्या लग्नातला सरदार लिहिताना
तुमच्या जादूच्या काल्पनिक राज्यातील कथेत, मनाविरुद्ध लग्न लादलेल्या तरुण सरदाराची घुसमट पहिल्याच प्रकरणात नेमकी उतरली आहे, तेव्हा लिहिणे थांबवू नका. आधी एवढेच पक्के करा, की या लग्नातून कोणाला काय मिळाले आणि ते मोडल्यास कोण काय गमावेल. आपली मुंबईच पाहा: १६६१ च्या विवाह-तहानुसार पोर्तुगालच्या कॅथरीनच्या हुंड्यात ती इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला मिळाली, तरी इथल्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी १६६५ पर्यंत ताबा दिला नाही, आणि १६६८ मध्ये राजाने ती वर्षाला १० पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. तुमच्या कथेतही असे एखादे बंदर किंवा जकातीचा घाट पणाला लागलेला असेल, तर सरदार घर सोडून का जात नाही, हे वेगळे सांगावे लागणार नाही.

नवे लेखक बहुधा पत्नीला खलनायिका करतात. कृपया तसे करू नका; तिलाही कोणी विचारलेले नसते. पानभर स्वगतही टाळा. त्याऐवजी शेजारच्या दालनात नोकराकरवी धाडलेला निरोप दाखवा, किंवा लग्नानंतरही तिने पत्रावर उमटवलेली माहेरची मुद्रा. जादूचे नियम आणि वंशावळी पहिला खर्डा संपल्यावर पाहू.