हाती धुपाटणं येईल का?

"मॅडम, तीन वर्षं एनसीसीत घालवली. अभ्यास मागे पडलाय. आता एसएसबीत नाही झालं तर तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं, असंच ना?"

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका खेड्यातून कदंबाच्या सरकारी बसने फोंड्याला माझ्याकडे सल्ल्यासाठी आलेली मुलगी खुर्चीत नीट टेकायच्या आधीच हे बोलून मोकळी झाली. तिला वृंदा म्हणू या. ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. बी.एससी.चं शेवटचं वर्ष, विषय रसायनशास्त्र, ध्यास लष्करात अधिकारी होण्याचा. एनसीसी म्हणजे कॉलेजातली छात्रसेना, आणि एसएसबी म्हणजे अधिकारी निवडणारं सैन्याचं मंडळ. असा प्रश्न घेऊन कुणी ना कुणी दर वर्षी येतंच, आणि बहुतेकांच्या मनात पदवी एका पारड्यात आणि सैन्य दुसऱ्या पारड्यात असतं.

तसं ते नाहीच. एनसीसीतल्या मुलांना सैन्यात अधिकारी होण्यासाठी जो विशेष प्रवेश आहे, त्याला लेखी परीक्षा नसते हे खरं. एनसीसीच्या 'सी' प्रमाणपत्रात किमान बी श्रेणी असेल तर अर्ज छाननीतून पुढे जाऊन थेट एसएसबीचं बोलावणं येऊ शकतं. पण त्याच नियमात पदवीला किमान ५० टक्के गुणही मागितले आहेत. शेवटच्या वर्षाला असताना अर्ज करायचा तर आधीच्या दोन वर्षांत तेवढे गुण हवेत. दुसरी वाट सीडीएसची, लोकसेवा आयोगाच्या वर्षातून दोनदा होणाऱ्या परीक्षेची. तीही पदवीच मागते. थोडक्यात, अभ्यास सोडून सैन्यात जाणाऱ्याला या दारातून आत घेतच नाहीत. शिबिरामुळे तिच्या दोन जर्नल्स राहिल्या होत्या. कुठल्या शनिवारी काय पुरं करायचं ते आम्ही कागदावर मांडलं. वीस मिनिटांचं काम.

मग तिने पिशवीतून एक फाइल काढली, आणि माझ्या मते खरी अडचण त्या फाइलमध्ये होती.

कुठल्याशा क्लासने दिलेली तयार उत्तरं. एसएसबीत शब्द पाहून पंधरा सेकंदांत वाक्य लिहायचं अशी एक चाचणी असते, साठ शब्दांची. त्या शब्दांवरची 'चांगली' वाक्यं तिने घोकून ठेवली होती. प्रसंग देऊन 'काय कराल' विचारतात, त्याचीही उत्तरं तयार. सगळ्या उत्तरांतली मुलगी निडर, हसतमुख, कधीच न डगमगणारी. (असली वाक्यं विकणाऱ्यांचा मला राग येतो, लपवत नाही.) माहितीच्या नमुना फॉर्मात वडिलांचा व्यवसाय या रकान्यात लिहिलं होतं, 'बिझनेसमन'.

"कसला गो बिझनेस?" मी विचारलं.

ती बराच वेळ बसच्या तिकिटाची घडी घालत राहिली.

वडिलांचा खनिज वाहतुकीचा ट्रक होता. २०१२ साली गोव्यातल्या खाणी बंद पडल्या तेव्हा ती तिसरी-चौथीत. पुढे काही वर्षं थोडं काम मिळालं, २०१८ मध्ये पुन्हा सगळं थांबलं. ट्रक अंगणात उभा, त्याच्यावर कर्ज. बँकेची पत्रं इंग्रजीत येत, वडिलांना ती नीट कळत नसत. दहावीतल्या या मुलीने ती वाचली, वडिलांबरोबर बँकेत गेली, हप्ते पुन्हा बांधून घेण्याचा अर्ज स्वतः लिहिला. घरखर्चाची वही अजून तिच्याकडेच आहे. वडील आता दुसऱ्याची रिक्षा चालवतात.

हे तिने मला मान खाली घालून सांगितलं. निवड मंडळ जबाबदारी, पुढाकार, तर्क असे गुण तपासतं, ते तिलाही पाठ होते. पण आपल्या अंगणातल्या ट्रकशी त्यांचा काही संबंध आहे, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

एसएसबीची निवड पाच दिवस चालते, त्यात एक साधा लेख लिहायचा असतो: आईवडिलांना, शिक्षकांना, मित्रांना तुम्ही कसे वाटता, तुम्हाला स्वतःला कसे वाटता. वेळ पंधरा मिनिटं. तो मी तिला तिथेच लिहायला दिला. शिक्षकांचा परिच्छेद भरला, मैत्रिणींचा भरला. आईवडिलांची जागा कोरी.

"कधी विचारलंच नाही," ती म्हणाली.

पुढच्या भेटीला वडील आले. आल्या आल्या त्यांनीच प्रश्न काढले. एनसीसीच्या कागदावर सही केलीय, म्हणजे आता बोलावलं तर लढाईवर जावंच लागणार? नाही. एनसीसी कायदा १९४८ चा, आणि कॅडेट झाल्याने सैन्यात सेवा करण्याचं बंधन येत नाही असं त्यातच लिहिलंय. निवड झाल्यावर जिथे प्रशिक्षण होतं त्या चेन्नईच्या लष्करी अकादमीची फी किती? प्रशिक्षण सरकारी खर्चाने, ४९ आठवड्यांचं, आणि त्या काळात महिना ५६,१०० रुपये विद्यावेतन. हा आकडा त्यांनी मला दोनदा सांगायला लावला. नोकरी किती वर्षं? सुरुवातीला दहा, पुढे चार वाढवता येतात. कायम कमिशनचा, म्हणजे निवृत्तीपर्यंतच्या नोकरीचा, मार्ग मुलींनाही आहे, २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने तो आणखी रुंद झाला. मधल्या काळात लग्न? प्रशिक्षण संपेपर्यंत नाही. यावर ते हसले. "आजीला हे तूच सांग हां, बाय."

मग मी तो कोरा परिच्छेद त्यांच्यापुढे ठेवला. ते म्हणाले, "हट्टी आहे. चुकली तरी कबूल करायला दोन दिवस लावते. पण त्या बँकेच्या वेळी..." एवढं बोलून ते पंख्याकडे बघू लागले. वृंदाने लिहून घेतलं, हट्टीपणासकट.

पहिल्या खेपेला ती बेंगळुरूला एसएसबीत पाचही दिवस टिकली, कॉन्फरन्सनंतर, म्हणजे मंडळाच्या शेवटच्या बैठकीनंतर, निवड झाली नाही. कारणं सांगत नाहीत, त्यामुळे आठवडाभर ती स्वतःच कारणं शोधत बसली. मी थांबवलं नाही. रडणं गरजेचं होतं. बी.एससी.चा निकाल आला तेव्हा प्रथम वर्ग होता. तिने गोवा विद्यापीठात एम.एससी.ला प्रवेश घेतला. वयाची मर्यादा पंचविशीपर्यंत, म्हणून पुन्हा अर्ज केला, सीडीएसचा फॉर्मही भरला. धुपाटण्याचा विषय तिने नंतर काढला नाही. मीही नाही.

परवा तिच्या वडिलांचा फोन आला. बोलावणं पुन्हा आलंय, पुढच्या महिन्यात.

"मॅडम, एक विचारायचं होतं. बेंगळुरूला पहाटे थंडी असते का हो?"