पहिलं कागदी विमान करताय? नॅटपासून सुरुवात नको

1965 च्या भारत-पाक युद्धातलं नॅट (आपलं छोटं लढाऊ जेट) विरुद्ध सेबर (पाकिस्तानचं) कागदी विमानं करून टेबलावर खेळायचंय म्हणतोस, मस्तच, पण पहिलं सेबर कर. 1/300 ला, म्हणजे खऱ्याच्या तीनशेपट लहान मापात, सेबरचे पंख एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जवळपास 38 मिमी होतात आणि नॅटचे जेमतेम 22, एवढंसं नॅट नवख्या हाताला धरवतच नाही रे.

कापून दुमडायच्या नमुन्याची प्रिंट घरच्या इंकजेटवर नको, फेविकॉलचा ओलावा लागला की शाई पसरते. ठाण्यात स्टेशनजवळ कुठल्याही झेरॉक्सवाल्याकडे कलर लेझर मिळेल, फक्त त्याला ठासून सांग की स्केल 100 टक्केच ठेव, फिट टू पेज केलं की सगळी विमानं वेगवेगळ्या मापाची येतात. कागद 120-130 जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅम, म्हणजे साध्या झेरॉक्स कागदापेक्षा थोडा जाड) बास, जाड कार्ड या साइजला वळत नाही.

आता खरं काम घडीचं. रिफिल संपलेला बॉलपेन घे, स्टीलची पट्टी लावून घडीच्या रेषेवर हलका दाब दे आणि मगच दुमड, कडा अशी धारदार येते ना की बघत राहशील! फेविकॉल टूथपिकच्या टोकावर जेवढं राहील तेवढंच, जास्त झालं की पंख ओला होऊन वाकतो, आणि आपल्याकडे पावसाळ्यात तर सुकायलाही वेळ लागतो म्हणून जाड पुस्तकाखाली रात्रभर दाबून ठेव. कापलेल्या पांढऱ्या कडांवर चिकटवायच्या आधीच राखाडी स्केचपेन फिरव, हे बरेच जण टाळतात आणि मग टेबलावर विमान कागदाचंच दिसतं. स्टँडला टाचणी आणि खाली हार्डवेअरच्या दुकानातला मोठा वॉशर, पंखा चालू असला तरी पडत नाही.

सेबर झालं की फोटो टाक, नॅटचं नाक कसं वळवायचं ते तेव्हा सांगतो.