मिरचीचे मलम आणि नागिणीनंतरची आग

प्रश्न : माझ्या आईला (वय ६८) पाच महिन्यांपूर्वी छातीच्या उजव्या बाजूला नागीण झाली. पुरळ महिन्याभरात वाळले, परंतु त्या पट्ट्यात अजून आग होते आणि ब्लाउजचा स्पर्शही सहन होत नाही. गोळ्यांनी गुंगी येते, म्हणून डॉक्टरांनी कॅप्सेसिनचे ०.०७५ टक्क्याचे मलम दिवसातून चार वेळा लावण्यास सांगितले. दुसऱ्याच दिवशी ते इतके झोंबले की आईने ते बाजूला ठेवले. शेजारच्या काकूंचे म्हणणे असे की, मलमात मिरचीच असेल तर घरची लवंगी मिरची तेलात उकळून लावावी. काय करावे?
– एक वाचक, सातारा

उत्तर : आपल्या आईंचे दुखणे आता त्वचेचे राहिलेले नाही, ते चेतातंतूंचे आहे. नागिणीचा विषाणू म्हणजे कांजिण्यांचाच विषाणू. कांजिण्या बऱ्या झाल्यावर तो कण्यालगतच्या चेतापेशींच्या गाठींमध्ये वर्षानुवर्षे दडून राहतो आणि पुन्हा जागा झाला की एका चेतातंतूच्या वाटेने त्वचेकडे येतो. म्हणूनच पुरळ पट्ट्यासारखे आणि एकाच बाजूला उमटते. पुरळ जाते, पण तो तंतू जायबंदी होऊन मागे राहतो आणि कापडाच्या साध्या स्पर्शालाही वेदना समजू लागतो.

आता मलमाविषयी. मिरचीचा तिखटपणा ज्या द्रव्यांमुळे असतो, त्यांतील प्रमुख द्रव्य म्हणजे कॅप्सेसिन. वेदना वाहून नेणाऱ्या बारीक तंतूंच्या टोकांवर टीआरपीव्ही-१ नावाचा एक ग्राहक (रिसेप्टर, म्हणजे संवेदना टिपणारे सूक्ष्म दार) असतो. तो सुमारे ४३ अंश सेल्सिअसच्या वरील उष्णतेने उघडतो आणि कॅप्सेसिननेही उघडतो. मिरचीने तोंड भाजले असे आपण म्हणतो, त्यात अलंकार नाही. मेंदूपर्यंत खरोखरच भाजल्याचा निरोप पोहोचलेला असतो. (पक्ष्यांमधील हा ग्राहक कॅप्सेसिनला दाद देत नाही, म्हणून पिंजऱ्यातला पोपट मिरची निवांत खातो.) अमेरिकेतील डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ मध्ये हा ग्राहक कॅप्सेसिनच्याच साहाय्याने शोधला आणि २०२१ च्या वैद्यकशास्त्रातील नोबेल पारितोषिकात ज्युलियस सहमानकरी ठरले.

औषध म्हणून उपयोग होतो तो या भाजण्याच्या पुढच्या टप्प्यात. ग्राहक वारंवार उघडत राहिला की तंतूच्या टोकात कॅल्शियम साठत जाते, ते टोक थकते, निरोप धाडणे थांबवते आणि काही काळ त्वचेच्या वरच्या थरातून मागे सरते. ही स्थिती कायमची नसते. मलम थांबवले की टोके हळूहळू पुन्हा वाढतात. यावरून दोन गोष्टी ध्यानात येतील. पहिली, आराम पडण्यास दोन ते चार आठवडे, कधी त्याहूनही अधिक काळ लागतो, त्यामुळे दोन दिवसांच्या अनुभवावरून निर्णय करता येत नाही. दुसरी, झोंबते म्हणून चार वेळांऐवजी एकदाच लावले, तर टोके थकण्याऐवजी मधल्या वेळेत सावरतात, आग मात्र तशीच होत राहते आणि गुण काहीच येत नाही. पुष्कळ रुग्ण नेमकी हीच चूक करतात. नियमित लावल्यास झोंबणे बहुधा दिवसागणिक कमी होत जाते.

मलमाचा अगदी पातळ थर, हातमोजा घालून, केवळ दुखऱ्या भागावर लावावा. गरम पाण्याने स्नान केल्यावर लगेच लावू नये आणि त्यावर गरम पिशवीने शेकू नये, कारण उष्णता आणि कॅप्सेसिन एकाच दाराने आत शिरतात. फुटलेल्या किंवा ओल्या त्वचेवर ते लावू नये. हात साबणाने धुवावेत. नुसत्या पाण्यात कॅप्सेसिन विरघळत नाही, आणि तोच हात डोळ्याला लागला तर काय होते हे मिरच्या चिरणाऱ्या कोणालाही सांगण्याची गरज नाही. फोड आले किंवा आग असह्य झाली, तर मलम थांबवून डॉक्टरांना दाखवावे.

काकूंच्या सल्ल्यातील तर्क अगदीच निराधार नाही, कारण कॅप्सेसिन तेलात सहज उतरते. धोका नेमका तेथेच आहे. ०.०७५ टक्क्याच्या १०० ग्रॅम मलमात ७५ मिलिग्रॅम कॅप्सेसिन असते, तर तेलात किती उतरले हे कोणी मोजायचे? ब्याडगी आणि लवंगी यांच्या तिखटपणात मोठे अंतर आहे, आणि एकाच झाडाच्या दोन मिरच्याही सारख्या नसतात. अशा तेलाने वृद्ध, आधीच दुखावलेल्या त्वचेवर भाजल्यासारखे फोड येऊ शकतात. ते करू नये.

सौम्य मलमाचा पुरावा मर्यादित आहे, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. चाचणीत तुलनेसाठी दिलेले, औषध नसलेले खोटे मलम झोंबत नाही आणि खरे झोंबते, त्यामुळे आपल्याला काय मिळाले आहे हे रुग्णाला लगेच कळते. अधिक भक्कम पुरावा त्वचेवर चिकटवण्याच्या, ८ टक्के कॅप्सेसिनच्या पट्टीचा आहे, आणि तिच्या चाचण्यांमध्ये तुलनेसाठी म्हणूनच ०.०४ टक्क्याची, किंचित झोंबणारी पट्टी वापरली गेली. ८ टक्क्यांच्या पट्टीला २००९ मध्ये युरोपात आणि अमेरिकेत मान्यता मिळाली. नागिणीनंतरच्या वेदनेसाठी ती दवाखान्यातच, रक्तदाबावर लक्ष ठेवून, ६० मिनिटे लावतात आणि तीन महिन्यांच्या आत पुन्हा लावत नाहीत. तिनेही सर्वांनाच गुण येतो असे नाही. आईंनी सौम्य मलम चार आठवडे नेमाने वापरून पाहावे आणि तरीही फरक न पडल्यास डॉक्टरांशी पुढील उपायांबद्दल बोलावे. गोळीची मात्रा कमी करून रात्रीच घेणे हाही त्यांतील एक उपाय असू शकतो.

प्रश्न : वडिलांना मधुमेह आहे आणि रात्री तळपायांची आग होते. हे मलम चालेल का?
– एक वाचक, नांदेड

उत्तर : चालू शकेल, परंतु आधी पाय तपासून घ्यावेत. मधुमेहात आग आणि बधिरता अनेकदा एकत्र नांदतात, आणि बधिर पायावरची भेग वडिलांच्या लक्षात येणार नाही. अमेरिकेत २०२० पासून ८ टक्क्यांची पट्टी मधुमेहींच्या पायांसाठीही मान्य आहे. तेथे ती ३० मिनिटेच ठेवतात. वडील अनेक वर्षे मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी घेत असतील, तर मलमापूर्वी रक्तातील ब-१२ जीवनसत्त्वाची तपासणी करून घ्यावी, कारण या गोळीने ते कमी होऊ शकते, त्याच्या कमतरतेनेही तळपायांची अशीच आग होते आणि ती मलमाने भरून निघत नाही.