गाऱ्हाणं पांडुरंगापुढे घाल

राम कृष्ण हरी, बाळा.

तुझा व्हॉट्सअ‍ॅपवरचा निरोप परत परत ऐकला. पुण्याची नोकरी सोडून लावलेल्या डाळिंबावर तेल्या रोग आला, फळं तडकून काळी पडली, सोसायटीचं कर्ज डोक्यावर तसंच आहे. सगळं खरं. पण हेच तू मामाला सांगितलंस, औषधाच्या दुकानात सांगितलंस, पारावर सांगितलंस, आणि दर वेळी शेवट एकच: "देवानं माझंच का असं केलं?" अरे, ज्याला विचारायचं त्याला एकदा तरी विचारलंस का?

गाऱ्हाणं त्याच्यापुढे घाल. चारचौघांत नको.

तुकोबांकडे बघ. 1630 च्या सुमाराचा दुष्काळ. पहिली बायको अन्न अन्न करत गेली, मुलगा गेला, व्यापाराचं दिवाळं निघालं. पिढीजात महाजनकीच्या घराची अब्रू गेली. अशा वेळी त्यांच्या मनानं काय घेतलं, तर देहूतलं विठ्ठलाचं मोडकळीला आलेलं देऊळ नीट करायचं! देवाशी ते कमी भांडले नाहीत. गाथा उघड, नको नको ते बोललेत त्याला. पण तोंड त्याच्याकडे करून. समोर उभं राहून भांडणाऱ्याचं नातं शाबूत असतं. माघारी कुरकुरणाऱ्याचा भरवसा कधीच उडालेला असतो.

मार्च 2014 च्या गारपिटीत माझी द्राक्षं काढणीला आली होती, व्यापारी ठरला होता. बघता बघता मांडव आडवा झाला, घड चिखलात गेले, आणि पुढे कितीतरी दिवस रानाला आंबूस वास येत राहिला. पंचनामा झाला आणि त्याच संध्याकाळी मी हरिपाठाला गेलो. भावकी अजून म्हणते, याला काळीजच नाही. म्हणू देत. घरात बायको-पोरं माझ्या तोंडाकडे बघत होती. मी ओसरीवर बसून नशिबाला बोल लावत बसलो असतो तर ती खचली असती. देवळात पांडुरंगाला काय काय बोललो ते त्याला ठाऊक. सकाळी वेलींच्या ओलांड्यांच्या, म्हणजे आडव्या फांद्यांच्या, जखमांवर बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचं औषध, मारायला पंप पाठीवर घेतला होता. मला दगड म्हणणाऱ्यांतला एकही पंप भरायला आला नव्हता. मी केलं ते बरोबरच केलं.

आता "मग काका, देवावर हवाला ठेवून स्वस्थ बसू का?" असं विचारू नकोस. या प्रश्नाचा मला मनस्वी राग येतो. काळजी त्याच्यावर टाकायची ती हात मोकळे व्हावेत म्हणून. तेल्या हा जिवाणूचा रोग, दमट पावसाळी हवेत फोफावतो, छाटणीच्या कात्रीवरूनही एका झाडाचा दुसऱ्याला लागतो. तडकलेली फळं झाडाखाली पडू देऊ नकोस, वेचून बागेबाहेर जाळ. प्रत्येक झाड झालं की कात्री निर्जंतुक कर. बागेला विश्रांती दे. ऐन पावसाळ्यात फुलणाऱ्या मृग बहाराचा हट्ट सोड, पाऊस सरताना येणारा हस्त बहार धर. सोलापूरच्या डाळिंब संशोधन केंद्रात जाऊन रोगट फांदी दाखव, तिथली माणसं सांगतील तसं कर.

आणि रात्री जेवणं झाली की देवापुढे बस. रड, भांड, हवं ते बोल. मला फोन करण्याआधी त्याच्याशी बोल. पोरा, तुझा आवाज ऐकून माझ्याही पोटात कालवतं, म्हणून तर एवढं कडक लिहितोय.

फळं वेचायला मजूर मिळत नसतील तर कळव. शनिवारी मी आणि तुझी काकू येतो, भाकरी बांधूनच आणू. नवा पाऊस यायच्या आत बाग साफ झाली पाहिजे.