काम नेमकं कुठे अडलंय?

"मॅडम, माझ्यात चिकाटीच नाही हो."

समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या इतक्या जणांकडून मी हे वाक्य ऐकलंय, की समोरचा माणूस खुर्चीत नीट टेकायच्या आधीच ते मला ऐकू येऊ लागतं. प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणावर थांबलेला विद्यार्थी, निवृत्तीनंतर हौसेने वाद्य शिकायला घेऊन चार महिन्यांत ते गवसणीत घालून ठेवणारे गृहस्थ. भरतकामाचं मोठं काम हाती घेऊन बसलेल्या बायका तर कितीतरी. त्यातल्याच एका ताईंची ही गोष्ट. त्यांना विचारूनच लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदललेत.

ताईंनी क्रॉस स्टिचचं, म्हणजे फुलीच्या टाक्यांचं, एक भलंमोठं चित्र घेतलं होतं. कापडाचं एक घरही मोकळं राहत नाही, आकाशसुद्धा टाक्यांनीच भरायचं, त्या प्रकारचं. कापड 14 काउंटचं आयडा, चौकोनी घरांच्या विणीचं, म्हणजे इंचाला 14 घरं. चित्र 200 घरं रुंद आणि 280 घरं उंच. एकूण 56,000 टाके. "आणि एका फुलीला सुई चार वेळा कापडातून जाते, मॅडम. म्हणजे दोन लाख चोवीस हजार वेळा." हा हिशेब त्यांना तोंडपाठ होता. दोन वर्षांत 9,000 टाके झाले होते. गेले आठ महिने पिशवी उघडलीच नव्हती.

"सोळा टक्के," त्या म्हणाल्या. नापास झालेल्या मुलाने गुण सांगावेत, तशा आवाजात.

पहिल्या तीन भेटींत मी माझं नेहमीचंच केलं: कामाचे तुकडे. माझा या गोष्टीवर विश्वास आहे आणि तो उगाच नाही. अल्बर्ट बँडुरा आणि डेल शंक या मानसशास्त्रज्ञांनी 1981 मध्ये वजाबाकीत कच्च्या असलेल्या मुलांना 42 पानांचा अभ्यास दिला होता. काहींना सांगितलं, सात बैठकींत सगळा संपवा. काहींना सांगितलं, दर बैठकीत किमान सहा पानं करा. पानं तीच, बैठकी तेवढ्याच. तरी सहा-सहा पानंवाली मुलं जास्त शिकली, त्यांचा स्वतःवरचा विश्वास वाढला आणि गणिताची गोडीही. क्रॉस स्टिचच्या चार्टवर, म्हणजे कुठल्या घरात कुठला रंग ते दाखवणाऱ्या कागदावर, तर दर दहा घरांनी जाड रेघ असतेच. म्हणजे शंभर टाक्यांचे 560 चौकोन. ताईंचे 90 चौकोनांइतके टाके झाले होते. "दिवसाला एक चौकोन," मी म्हटलं. त्यांनी मान डोलावली.

पुढच्या आठवड्यात शून्य. मग मी दहा टाक्यांवर आले. तरीही शून्य.

खरं सांगते, मी जरा चिडले होते. त्यांच्यावर नाही, स्वतःच्या हुशारीवर. दहा टाके म्हणजे सात-आठ मिनिटांचं काम. तेही होत नसेल, तर अडचण कामाच्या आकाराची नसते, हे मला दुसऱ्या आठवड्यातच कळायला हवं होतं. चौथ्या भेटीला मी त्यांना पिशवीच घेऊन यायला सांगितलं.

पिशवी उघडली आणि मी बघतच राहिले. प्रत्येक रंगाचा धागा वेगळ्या पुठ्ठ्यावर गुंडाळलेला, त्यावर बारीक अक्षरात नंबर. झालेला भाग चार्टवर पिवळ्या पेनाने रंगवलेला. कापडाच्या मागची बाजूसुद्धा स्वच्छ, गाठ म्हणून नाही. पण कापड ताणून धरणारी गोल रिंग मात्र कापडावर तशीच चढवलेली. भरतकाम करणाऱ्या कुणालाही हे खटकेल. रिंग रोजच्या रोज काढून ठेवायची असते, नाहीतर कापडावर वळ पडतो. इथे तो पडलाच होता, मळकट आणि गोल.

इतकी टापटीप बाई आठ महिने रिंग काढत नाही? चिकाटी नसलेल्या माणसाची पिशवी अशी नसते. ही एखादी वस्तू हातातून टाकून निघून गेलेल्या माणसाची पिशवी होती.

"ताई, शेवटचा टाका कुठला घातलात?"

त्यांनी चार्ट उघडलाच नाही. बोट सरळ कापडावर गेलं, एका खिडकीच्या चौकटीवर. आठ महिन्यांनी, इतक्या हजारांतला एक टाका, न शोधता.

मी गप्प राहिले.

"इथे एक घर चुकलंय," त्या म्हणाल्या. "दहाच्या जागी अकरा मोजली. उजवीकडचं सगळं एक-एक घर सरकलंय. डावा भाग इथे येऊन भिडला तेव्हा कळलं."

"कुणाला सांगितलंत?"

"तुम्हालाच. आत्ताच."

घरच्यांना त्यांनी वेळ मिळत नाही असं सांगितलं होतं. मला चिकाटी नाही असं. आणि खोटं बोलल्या असंही नाही. पिशवीकडे बघितलं की पोटात काहीतरी व्हायचं, हात मागे यायचा, आणि असं रोज होत राहिलं की माणूस स्वतःला आळशी म्हणायला लागतो. मी वागणुकीकडे बघणाऱ्यांतली आहे, स्वभावाच्या नावांवर माझा फारसा विश्वास नाही. आळस म्हणून माझ्याकडे जे येतं, त्यातलं निम्म्याहून जास्त टाळणं असतं. आणि टाळणं नेहमी एखाद्या ठरावीक जागेपाशी चालू असतं. त्या दिवशी ती जागा मला पहिल्यांदाच बोटाखाली दिसली.

"किती उसवावं लागेल?"

"सगळंच."

"मोजूया?"

मोजले. 340 टाके. ताईंनी दोनदा मोजले, त्यांचा विश्वास बसेना. आठ महिने त्यांच्या मनात 'सगळंच' हा आकडा होता.

पुढचं त्यांनीच ठरवलं. चूक आकाशात असती तर पुढच्या ओळीत एक घर कमी करून सांधता आली असती, आणि ते कुणालाही कळलं नसतं. पण इथे खिडकीची उभी रेघच मोडत होती. "ही मला रोज दिसेल," त्या म्हणाल्या. चूक दिसली तरी हरकत नाही, हा सल्ला माझ्या जिभेवर आला होता. तो मी गिळला याचा मला आजही आनंद आहे. त्यांनी पर्समधून छोटी कात्री काढली, कापड उलटं केलं, मागचा टाका कापला आणि सुईच्या बोथट टोकाने धागा अलगद वर ओढला. मग दुसरा. पंचवीस मिनिटांत तीस-बत्तीस टाके निघाले असतील. आम्ही दोघी जवळजवळ बोललोच नाही. मांडीवर धाग्याचे तुकडे जमत होते. भेटीचे पैसे घेताना मला थोडं ओशाळल्यासारखं झालं, पण कदाचित त्या वर्षातली माझी सर्वांत चांगली भेट तीच.

त्यानंतर तुकड्यांची युक्ती लागू पडली. पण तीत दोन बदल केले, आणि ज्यांचं मोठं काम पडून आहे त्यांना मी आता हे आधीच सांगते.

एक, थांबायचं कुठे. ताई नेहमी धागा संपला की थांबायच्या. वाटतं नीटनेटकं, पण मग दुसऱ्या दिवशी सुरुवात म्हणजे चार्टवर जागा शोधा, रंग शोधा, सहा पदरांतले दोन सोडवा, सुई ओवा. बसायचं म्हटलं तरी पंधरा मिनिटं अशीच जायची. आता त्या ओळीच्या मध्येच थांबतात, ओवलेली सुई कापडाच्या कडेला अडकवून, चार्टवर पुढच्या घराला खूण करून. मध्येच थांबवलेल्या कामाकडे माणूस आपणहून परत वळतो, हे मानसशास्त्रज्ञ मारिया ओव्सियांकिना यांनी 1928 मध्ये दाखवून दिलं होतं. फक्त थांबलेल्या जागी काटा नको. ताईंच्या जागी होता.

दुसरं, मोजायचं काय. टक्के बंद. वहीत एवढंच लिहायचं, की आज सुई हातात घेतली की नाही. तीन टाके झाले तरी 'हो'. एखादा दिवस चुकला तर तो भरून काढायचा नाही. उरलेल्या टाक्यांची थकबाकी डोक्यावर चढली की पिशवी पुन्हा जड होते. आणि कापडावर धुतल्यावर जाणाऱ्या पेनाने दहा-दहा घरांच्या रेघा आधीच मारून घ्यायच्या. ही माझी नाही, ताईंची सूचना. अकरावं घर त्या रेघेलाच कळतं.

घरच्यांनी "झालं का?" असं विचारू नये, हेही सांगायला हवं. विचारायचंच असेल तर "आज कुठला रंग?" असं विचारा.

चित्र अजून झालेलं नाही. मागच्या महिन्यात ताईंचा फोन आला, तेव्हा 207 चौकोन झाले होते. आकडा मीच विचारला, माझीही सवय जात नाही. त्यांना सांगायचं वेगळंच होतं.

"मॅडम, परत चुकलं. छपराच्या कडेला. सत्तावीस टाके."

"मग?"

"मग काय, संध्याकाळी उसवले. आणि रिंग काढून ठेवली."