ॲडमिट झालं की प्रत्येकाला पॅन्टोप्राझोल (पोटातलं ॲसिड कमी करणारी गोळी) का देतात? घरी आल्यावरही घ्यायची का?

बऱ्याचदा निव्वळ सवयीने. सलाईन, अँटिबायोटिक लिहून झालं की ‘पॅन्टोप्राझोल ४० मिलिग्रॅम, उपाशीपोटी’ ही ओळ हात आपोआप खरडतो. खरी गरज मोजक्यांना: ४८ तासांहून जास्त व्हेंटिलेटरवर असलेले, रक्त गोठण्यात बिघाड असलेले, पूर्वी अल्सरमधून रक्तस्राव झालेले. साध्या तापात ‘अँटिबायोटिकने पित्त होईल’ म्हणून देण्यात अर्थ नाही. पोटातलं ॲसिड जंतूही मारतं. ते घटलं की क्लॉस्ट्रिडियम या जंतूमुळे होणाऱ्या जुलाबांचा धोका वाढतो.

खरी गफलत डिस्चार्जला होते. गोळी यादीत तशीच राहते, थांबवायची तारीख कोणी लिहीत नाही. डॉक्टरांना सरळ विचारा, ‘ही कशासाठी, किती दिवस?’ मनाने मात्र बंद करू नका. बरेच महिने घेतल्यावर सोडली तर काही दिवस जळजळ उसळू शकते.